पुराच्या दिवसांत साइट: वर्डप्रेस की स्टॅटिक?

उजनीतून विसर्ग किती, सीनेला पाणी कुठवर आलंय, कुठला पूल बंद आहे, एवढंच सांगणारी साइट चालवायची असेल तर दोनच रस्ते परवडण्यासारखे आहेत. एक वर्डप्रेस, जे मागणी आली की डेटाबेसमधून पान बनवून देतं. दुसरा स्टॅटिक: ह्युगोसारख्या साधनाने पानं आधीच तयार करून सीडीएनवर, म्हणजे ठिकठिकाणी प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यावर, ठेवायची. मी दोन्ही चालवलेत. एरवी फरक कळतही नाही. तो कळतो सप्टेंबर २०२५ सारख्या आठवड्यात, जेव्हा सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांचं पाणी एकदम खाली येतं, लांबोटीपाशी पुण्याचा हायवे बंद होतो आणि माढा-मोहोळचा जो तो मोबाइल काढून बसतो.

वर्डप्रेसच्या बाजूने बोलायचं तर माणसं. आकडे भरणारे गुरुजी असतात, ग्रामपंचायतीतला ऑपरेटर असतो. त्यांना अ‍ॅपवरून पोस्ट बदलणं सहज जमतं; स्टॅटिकच्या फाइली जिथे ठेवून बदलायच्या ते गिटहब म्हटलं की निम्मे गळतात. मदत मागण्याचा फॉर्मही वर्डप्रेसमध्ये आतच बसतो, स्टॅटिकवाल्याला गूगल फॉर्म जोडून वेळ मारून न्यावी लागते. गर्दीचं म्हणाल, तर तयार पानाची प्रत साठवून तीच सगळ्यांना दाखवणारं कॅशिंग प्लगइन टाकलं की बरीचशी झेपते.

पण माझा जीव खाल्ला तो त्या कॅशनेच. नवा विसर्ग टाकून ‘अपडेट’ दाबलं की प्लगइन त्या पानाची साठवलेली प्रत फेकून देतं. नवी तयार होईपर्यंत येणारा प्रत्येकजण थेट पीएचपी (पान बनवणारा प्रोग्राम) आणि डेटाबेसवर जाऊन आदळतो. आणि पुरात लोक येतात कधी? नवा आकडा आल्याचं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कळलं की, सगळे मिळून. म्हणजे नेमक्या त्याच मिनिटाला पान उघडं पडतं. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स) मग पांढऱ्या पानावर एकच ओळ: ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’, म्हणजे डेटाबेसशी जोडणीच होत नाही. त्यावर कडी म्हणजे लॉगिनही त्याच डेटाबेसवर. दौंडची आवक वाढल्याचा आकडा हातात आहे आणि तो टाकायला आत शिरता येत नाही! होस्टिंगवाल्यांचं उत्तर ठरलेलं, प्लॅन वाढवा.

स्टॅटिकमध्ये डेटाबेसच नाही. लोक वाचतात ते सीडीएनवरून, आपण लिहितो ते दुसरीकडे. बाहेरच्या गर्दीने आपलं दार अडत नाही. फाइल मोबाइलच्या ब्राउझरमधूनही बदलता येते, आणि आमच्यासारख्या छोट्या साइटचं बिल्ड, म्हणजे फाइलींवरून पानं तयार होणं, चहा गार व्हायच्या आत होतं. बिल्ड फसलं तर जुनं पान तसंच दिसत राहतं. हा गुणही आहे आणि धोकाही, म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तारीख-वेळ हवीच. शिवाय पान हलकं राहतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, तरी दोन हजार चिन्हांचा मजकूर सहा केबीच्या आसपास. फॉन्ट फोनमधलाच वापरायचा, वरून उतरवायला लावायचा नाही. वीज गेलेली, रेंजची एकच काडी, अशा वेळी वर्डप्रेसची सजलेली थीम गोल गोल फिरत बसते.

अर्थात सीडीएन म्हणजे अमरपट्टा नव्हे. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर काही तास आडवं झालं, तेव्हा जगभरच्या साइट्स सोबत गेल्या. गिटहब पेजेसलाही (गिटहबवरच्या फाइलींची साइट दाखवणारी सोय) महिन्याला १०० जीबी डेटा वाहतुकीची मर्यादा आहे, सक्तीची नसली तरी. आणि सीडीएनवर पूर्ण पान साठवून नीट बसवलेलं वर्डप्रेसही तग धरतं, हे मान्य. तुमच्याकडे ते सांभाळणारा जाणता माणूस रात्री-अपरात्री फोन उचलणार असेल तर खुशाल घ्या. आमच्याकडे नव्हता.

गुरुजींचा प्रश्न आम्ही गूगल शीटने सोडवला: ते शीटमध्ये आकडा भरतात, पान त्यावरून तयार होतं. काहीही निवडलंत तरी डोमेनचा टीटीएल (साइटचा पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो काळ) पावसाळ्याआधीच ३०० सेकंदांवर आणून ठेवा. ऐन पुरात साइट दुसरीकडे हलवायची वेळ आली आणि तो एक दिवसाचा असेल, तर कित्येकांचे फोन उद्यापर्यंत जुन्याच पत्त्यावर जात राहतील.