माध्यमिक शाळांचे क्रीडा अनुदान: साहित्य आले, तास कुठे आहे?

सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षण या तीन योजना एकत्र करून २०१८-१९ पासून समग्र शिक्षा ही योजना सुरू झाली आणि तिच्यात खेळाच्या साहित्यासाठी स्वतंत्र वार्षिक अनुदानाची तरतूद आली. शासकीय प्राथमिक शाळेला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,००० रुपयांपर्यंत आणि माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेला २५,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. यापूर्वी चेंडू फाटला की वर्गणी काढण्याचीच पाळी येणाऱ्या शाळांसाठी ही सोय निश्चितच स्वागतार्ह आहे. माझ्या मते योजनेला पाचपैकी अडीच गुण द्यावेत; त्यांतले दोन केवळ दरवर्षीच्या तरतुदीसाठी.

रकमेचा हिशेब मात्र मांडून पाहावा. चारशे विद्यार्थ्यांच्या शाळेला पूर्ण २५,००० रुपये मिळाले, तरी एका विद्यार्थ्याच्या वाट्याला वर्षाला साडेबासष्ट रुपये येतात. एवढ्यात दोऱ्या, चेंडू, नेट, स्टॉपवॉच आणि लेझीम नीट बसतात. कबड्डीच्या मॅटचा विचारही करता येत नाही. त्यामुळे खरेदी कोण ठरवतो, यावर अनुदानाचे चीज होणे अवलंबून असते. मी जवळून पाहिलेल्या एका शाळेत यादी खेळाच्या शिक्षकाला न विचारता पुरवठादाराच्या ठरलेल्या संचावरून केली गेली होती. पेटी उघडली तेव्हा नववीच्या मुलांसाठी ७.२६ किलोचा गोळा निघाला, म्हणजे प्रौढ पुरुषांच्या स्पर्धेतला. व्हॉलीबॉलचे नेट होते, पण ते बांधायला खांब नव्हते, आणि हवा भरायचा पंप होता, तर त्याची सुई नव्हती. साठा नोंदवहीत मात्र प्रत्येक वस्तू व्यवस्थित चढली होती, आणि तपासणीला तीच नोंदवही पुढे केली जाते.

खरी उणीव याच्याही पलीकडे आहे. अनुदान साहित्यापुरते आहे. शिक्षक आणि मैदान यांची हमी ते देत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगणाचा उल्लेख आहे, आणि सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त विद्यार्थी असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक ठेवण्याची अटही आहे. परंतु हा कायदा आठवीपर्यंतच लागू असल्यामुळे, शरीर झपाट्याने बदलत असते त्या नववी-दहावीच्या वर्षांना त्याचा आधार मिळत नाही. दहावीच्या वर्षात शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या जादा तासाला सहज देऊन टाकला जातो, हे वेळापत्रक लावणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्या वर्षी आलेले साहित्य कपाटातच राहते.

महाराष्ट्राच्या बाबतीत आणखी एक विसंगती आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतांश आठवीपर्यंत थांबतात आणि माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खासगी अनुदानित संस्था उचलतात. अनुदान शासकीय शाळांसाठी असल्याने, सर्वांत मोठी रक्कम ज्या टप्प्यासाठी ठेवली आहे त्याच टप्प्यातील बहुसंख्य मराठी विद्यार्थी तिच्या कक्षेबाहेर राहतात. योजना आखताना राज्यांची शाळारचना किती पाहिली गेली असेल, असा प्रश्न पडतो.

२०२१ ते २०२६ या टप्प्यात एक भर पडली: खेलो इंडिया शालेय स्पर्धांत शाळेच्या किमान दोन विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय पातळीवर पदक मिळवले, तर त्या शाळेला आणखी २५,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात. पदकवीरांचे कौतुक व्हावेच. पण ज्या शाळेत तिथवर पोहोचणारी मुले घडतात, तिथे शिक्षक आणि मैदान बहुधा आधीच असते, आणि अधिकची रक्कम तिथेच जाते.

ज्या मुख्याध्यापकांच्या हाती हे अनुदान येते, त्यांनी यादी शिक्षकाकडूनच करून घ्यावी, वजन आणि माप वयोगटानुसार लिहून द्यावे, आणि नेट बांधून व चेंडूत हवा भरून पाहिल्याशिवाय पावतीवर सही करू नये. मैदान लहान असेल तर दोरीउड्या आणि लेझीम यांना प्राधान्य द्यावे. २७ बाय १६ मीटर मोकळी जागा असेल, तर खो-खोचे दोन खांब रोवले की एका वेळी बारा मुले मैदानात उतरतात, आणि तेवढ्यावर अनुदानाचा फारच थोडा भाग खर्च होतो.