अपक्ष खासदार पारखायचा तर पीआरएसचं पान की लोकसभेची कार्यवाही?

अमरावतीतून २०१९ मध्ये नवनीत राणा अपक्ष म्हणून लोकसभेत गेल्या, सांगलीतून २०२४ मध्ये विशाल पाटील. अशा मतदारसंघात पुढच्या निवडणुकीआधी मतदाराची खरी अडचण होते. पक्षाचा जाहीरनामा नाही, पक्षाची भूमिका नाही, मग पाच वर्षांचा हिशेब कशावरून मांडायचा? सभागृहातलं काम बघायचं ठरवलं तर हाताशी दोन साधनं आहेत. पहिलं, पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेचं प्रत्येक खासदाराचं पान. दुसरं, संसदेच्या संकेतस्थळावरची लोकसभेची शब्दशः कार्यवाही. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही विश्वासार्ह आहेत. पण अपक्ष खासदारासाठी ती सारखी उपयोगी नाहीत, असं माझं मत बनलं आहे.

आधी पीआरएसचं पान. हजेरीची टक्केवारी, चर्चांतला सहभाग, विचारलेले प्रश्न आणि मांडलेली खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतः मांडलेली) एकाच ठिकाणी दिसतात, शेजारी देशाची आणि राज्याची सरासरी असते. पाच मिनिटांत चित्र उभं राहतं. सगळ्यात चांगला भाग म्हणजे खालची यादी: कोणत्या तारखेला, कोणत्या विषयावर आणि कोणत्या प्रकारच्या चर्चेत खासदार बोलले. बातम्यांत येणारी ‘सर्वाधिक प्रश्न विचारणारे खासदार’ वगैरे क्रमवारी अशाच आकड्यांवरून निघते.

आकडे खोटे नाहीत, पण ते काय मोजतात ते माहीत हवं. हजेरी म्हणजे त्या दिवशीची नोंद. सकाळी नोंद करून अकरा वाजता निघून गेलेला आणि रात्री बारापर्यंत बसलेला, दोघं सारखेच हजर. प्रश्नांचं बरंचसं सोडतीवर असतं. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात, सूचना त्याहून कितीतरी जास्त येतात, आणि चिठ्ठी निघेल त्याचा प्रश्न यादीत बसतो. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र जोडले जातात, तेव्हा एका प्रश्नावर अनेक खासदारांची नावं असतात. प्रश्न वाचून बघा: मतदारसंघातल्या धरणाचा, रेल्वे फाटकाचा, द्राक्ष निर्यातीचा आहे, की कुठल्याही जिल्ह्याला लागू पडेल असा साचेबंद? संख्येपेक्षा याचं महत्त्व जास्त.

चर्चेच्या आकड्यात घोटाळा जास्त आहे. शून्य प्रहरातला (तातडीचे विषय मांडायच्या वेळेतला) एक मिनिटाचा मुद्दा, लोकसभेच्या नियम ३७७ खालचं छोटं निवेदन आणि विधेयकावरचं वीस मिनिटांचं भाषण, यादीत प्रत्येकाची नोंद एकच. त्यातही नियम ३७७ची निवेदनं अनेकदा वाचली जात नाहीत, पटलावर ठेवली जातात. अर्थसंकल्पाच्या चर्चेत वेळ संपत आला की लिखित भाषण पटलावर ठेवायची परवानगी मिळते. कार्यवाहीत अशा भाषणावर तारांकन असतं आणि तळाला टीप असते. आकड्यात ती टीप कुठे दिसणार?

सरासरीशी तुलना करताना अपक्षावर आणखी एक अन्याय होतो. विधेयकावरच्या चर्चेचा वेळ पक्षांना सदस्यसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो आणि कोण बोलणार ती नावं पक्षाकडून जातात. अपक्षांच्या वाट्याला ‘इतर’ या गटातला उरलासुरला वेळ येतो, तोही बहुधा संध्याकाळी, बाकं रिकामी झाल्यावर. दोन-तीन मिनिटांत घंटी वाजते. म्हणून त्याच्या नावावर मोठी भाषणं कमी आणि शून्य प्रहराचे मुद्दे जास्त दिसले तर लगेच नावं ठेवू नयेत. शून्य प्रहरासाठी सोडत असते, तिथे अपक्षाला इतरांइतकीच संधी असते.

इथवर मी पीआरएसच्या पानाशी जुळवून घेईन. मला जे खटकतं, आणि ज्यामुळे माझा कल कार्यवाहीकडे झुकला, ते एकच आहे: त्या पानावर खासदाराचं मत नाही. कोणत्या विधेयकाला ‘होय’ म्हटलं, कोणाला ‘नाही’, कधी तटस्थ राहिले, यातलं काहीही नाही.

पक्षाच्या खासदाराबाबत ही उणीव फारशी जाणवत नाही. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आली तेव्हापासून पक्षादेश (व्हिप) मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. त्याचं मत म्हणजे पक्षाचं मत, ते वर्तमानपत्रातही कळतं. अपक्षाला पक्षादेश लागूच होत नाही. एखाद्या पक्षाला बाहेरून पाठिंबा देऊनही तो हवं तसं मत देऊ शकतो. त्याला एकच कुंपण आहे: निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तर तो अपात्र ठरतो. हरियाणातल्या अपक्ष आमदारांना याच कारणाने अपात्र ठरवलं गेलं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. म्हणजे सभागृहात ज्याचं मत खऱ्या अर्थाने त्याचं स्वतःचं असतं असा सदस्य अपक्षच. त्याच्या कामाचं मोजमाप करताना नेमकं मतच वगळायचं, हे मला पटत नाही.

पीआरएसला यात दोष देणं बरोबर नाही, कारण मूळ अडचण सभागृहाच्या पद्धतीत आहे. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये मतविभाजन, म्हणजे प्रत्येकाचं मत नोंदवून मोजणी, झालं की सदस्यांची नावं यादीत येतात आणि मतविभाजनं सतत होतात. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, आणि आवाजाला नाव नसतं. कोणी सदस्याने आक्षेप घेऊन मतविभाजन मागितलं तरच बटणं दाबली जातात. तेव्हाही मागणी अनाठायी आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर नियम ३६७ प्रमाणे ते सदस्यांना जागेवर उभं करून डोकी मोजू शकतात. अशा वेळी नावं नोंदली जात नाहीत. ऑगस्ट २०२३ चा अविश्वास प्रस्तावसुद्धा आवाजी मतदानाने फेटाळला गेला.

म्हणून नोंदवलेली मतं थोडी असतात. पण थोडी असल्यामुळेच सामान्य माणसाला ती तपासता येतात. घटनादुरुस्तीपासून सुरुवात करावी, कारण तिथे विशेष बहुमत लागतं आणि मतविभाजन होतंच. आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाची दुरुस्ती ८ जानेवारी २०१९ रोजी लोकसभेत ३२३ विरुद्ध ३ ने मंजूर झाली, महिला आरक्षणाची २० सप्टेंबर २०२३ रोजी ४५४ विरुद्ध २ ने. साध्या विधेयकांपैकी गाजलेली घ्यावीत: डिसेंबर २०१९ चं नागरिकत्व दुरुस्ती विधेयक (३११–८०), एप्रिल २०२५ चं वक्फ दुरुस्ती विधेयक (२८८–२३२).

कार्यवाहीत मत शोधायचं ते असं. त्या दिवसाची वादविवादाची फाइल उघडा आणि मतविभाजनाच्या जागेपर्यंत जा. आधी ‘होय’ म्हणणाऱ्यांची नावं, मग ‘नाही’ म्हणणाऱ्यांची, आणि असल्यास तटस्थांची. क्रम आडनावाच्या इंग्रजी वर्णानुक्रमाने असतो, पुढे पक्ष लिहिलेला नसतो. फाइल तारखेने शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. वक्फ विधेयकावरचं मतदान मध्यरात्र उलटल्यावर झालं, म्हणजे कॅलेंडरवर ३ एप्रिल होता. पण बैठक २ एप्रिलची धरली जाते, त्यामुळे नावं २ तारखेच्या फाइलमध्ये सापडतात.

यादीखालची तळटीप कधीही सोडू नका. बटण दाबायचं राहिलं, चुकीचं दाबलं गेलं किंवा यंत्र चाललं नाही, तर सदस्य चिठ्ठीने मत नोंदवतात किंवा दुरुस्त करतात, आणि तो तपशील तिथे येतो. फलकावरचा पहिला आकडा ‘दुरुस्तीच्या अधीन’ असतो तो याचसाठी. डिसेंबर २०२४ मध्ये ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयक मांडताना झालेल्या मतदानात यंत्रावरचा आकडा आणि चिठ्ठ्या धरूनचा आकडा यांत नव्वदहून अधिक मतांचा फरक पडला. महिला आरक्षणाचं मतदान तर पूर्णपणे चिठ्ठ्यांवरच झालं.

मत कशावर होतं तेही वर चार-पाच परिच्छेद जाऊन वाचावं लागतं. एकाच विधेयकावर विचारार्थ घेण्याचा प्रस्ताव, एकेक कलम, सुचवलेल्या दुरुस्त्या आणि शेवटी मंजुरी, अशी अनेक मतदानं होऊ शकतात. विरोधकांच्या दुरुस्तीला ‘नाही’ म्हणणं म्हणजे बहुधा मूळ विधेयकाच्या बाजूने उभं राहणं. समाजमाध्यमांवर फिरणारे ‘अमुक विधेयकाला विरोध केला’ असे फोटो अनेकदा इथेच फसलेले असतात.

नाव कुठल्याच यादीत नसेल तर लगेच ‘पळ काढला’ म्हणू नये. तटस्थ राहिलेल्याचं नाव वेगळं नोंदलं जातं. नाव नसणं म्हणजे तो मतदानाच्या वेळी सभागृहात नव्हता किंवा त्याने बटणच दाबलं नाही. त्या दिवशी तो त्या विषयावर बोलला होता का, ते त्याच फाइलमध्ये बघावं. दुपारी कडक विरोध करून रात्री मतदानाला गायब, ही जोडी दिसली तर ती मात्र मी गांभीर्याने घेईन. एकट्या अपक्षाने मतविभाजनाची मागणी लावून धरली असेल तर तेही त्याच पानांत सापडतं. माझ्या लेखी त्या एका ओळीची किंमत पन्नास प्रश्नांहून जास्त आहे.

कार्यवाहीचा त्रास कमी नाही, हे मान्य. फाइली लांबलचक असतात, हिंदी आणि इंग्रजी मजकूर मिसळलेला असतो, मराठीत केलेलं भाषण बहुधा भाषांतर होऊन येतं, आणि जुन्या स्कॅन केलेल्या फाइलींत शब्द शोधता येत नाही. स्थायी समित्यांचं काम तर या दोन्ही ठिकाणी नीट दिसत नाही. त्यासाठी समितीच्या अहवालाच्या परिशिष्टातलं बैठकीचं इतिवृत्त उघडावं. हजर सदस्यांची नावं तिथे असतात, आणि एखाद्याने मतभेदाची टिपणी दिली असेल तर तीही अहवालाला जोडलेली असते.

ज्यांच्याकडे एकच संध्याकाळ आहे त्यांनी पीआरएसच्या पानाचा अनुक्रमणिकेसारखा वापर करावा: तिथल्या यादीतून विधेयकांवरच्या भाषणांच्या तारखा टिपून घ्याव्यात आणि तेवढ्याच दिवसांच्या फाइली उघडाव्यात. शून्य प्रहराच्या नोंदी पहिल्या फेरीत सोडल्या तरी चालतील. पक्षाच्या खासदारासाठी एवढंही करायची गरज बहुधा पडणार नाही, टक्केवारीवर काम भागेल. अपक्षासाठी मात्र निदान घटनादुरुस्त्यांच्या आणि दोन-तीन वादग्रस्त विधेयकांच्या मतविभाजनाच्या याद्या डोळ्याखालून घातल्याशिवाय मी कोणाला मत बनवायला सांगणार नाही.