एमए पत्रकारिता आपल्याच जिल्ह्यात केलं, कसं आहे ते सांगते

गावाकडचे बरेच पोट्टे-पोट्टी विचारून राहिले की ताई पत्रकारितेचं एमए करू का, त्यात काही राम आहे का, की सरळ पुण्याला जाऊ. प्रत्येकाला व्हॉट्सअपवर वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली, बीए मराठी, मग जिल्ह्याच्या ठिकाणी एका कॉलेजात दोन वर्षांचं एमए केलं आन् आता एका दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत. पाचपैकी साडेतीन स्टार.

सगळ्यात भारी म्हणजे बातमीलेखनाचा तास. पाच डब्ल्यू एक एच (कोण, काय, कुठं, कधी, काहून, कसं), उलटा पिरॅमिड (महत्त्वाचं सगळ्यात आधी) हे यूट्यूबवरही भेटते, त्याच्यासाठी दोन वर्षं घालवायची काही गरज नाही, पण आमचे सर प्रत्येकाची लिहिलेली बातमी हातात घेऊन बसायचे. एका पोराने लिहून आणलं, 'परतीच्या पावसाने शेतकरी हवालदिल'. सरांनी लाल पेनाने हवालदिलला गोल मारला आन् सुरू झाले, कोणता शेतकरी, गाव कोणतं, किती एकर, सोयाबीन उभं होतं का सोंगून गंजी लागली होती, तलाठी पंचनाम्याला आला का, आला तर कधी. पोरगा म्हणे फोन करून विचारतो सर, सर म्हणे फोन नाही, जा. गेला तो एसटीने. परत आला तेव्हा बातमी तीनच परिच्छेदांची होती पण त्यात भिजलेल्या गंजीला फुटलेले कोंब होते, शेतकऱ्याचं नाव होतं, पंचनामा बाकी असल्याचं तलाठ्याचं म्हणणं होतं. हे शिकवणं कोणत्या ऑनलाइन कोर्समध्ये भेटत नाही, मी खात्रीने सांगते.

दुसरं म्हणजे सरकारी कागद वाचायला शिकवलं, आन् आपल्या भागात पत्रकारिता करायची तर माझ्या मते अर्धं काम हेच आहे. पैसेवारी घ्या. आपण लहानपणापासून आनेवारी-पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, हे ऐकतो पण त्याचे नजरअंदाज, सुधारित आन् अंतिम असे तीन टप्पे असतात, ५० पैशांच्या खाली गेली की दुष्काळसदृश धरतात, आन् सप्टेंबरचा आकडा डिसेंबरच्या अंतिम आकड्याशी लावून पाहिला की खरी बातमी तिथं निघते, हे वर्गात कळलं. तसंच शेतकरी आत्महत्येच्या मदतीचं. १ लाख मदत म्हणून छापून येते, पण त्यातले ३० हजारच हातात आन् ७० हजार ठेव म्हणून राहतात, आन् घरातला माणूस गेल्यावर जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचं, थकीत होतं का हे सगळं बसलं तरच केस पात्र ठरते, म्हणून अपात्र केसेसची यादी मागून ती एकेक घरी जाऊन तपासायची हे मॅडमनी शिकवलं. त्याच तासाला प्रेस कौन्सिलच्या आत्महत्येच्या बातम्यांसाठीच्या २०१९ च्या सूचना पण झाल्या, आत्महत्या कशी केली ते वर्णन करून लिहायचं नाही, हेडिंगमध्ये भडकपणा नाही. मॅडम या मुद्द्यावर लई कडक होत्या आन् बरोबर होत्या, कारण आपल्याकडे ती बातमी त्याच गावात गेलेल्या माणसाच्याच लेकरांच्या हातात पडते.

बाजार समितीच्या भावाचंही तसंच. 'सोयाबीन ४,९०० वर' अशी बातमी येते, तो एखाद्या ढिगाला भेटलेला कमाल भाव असतो, सर्वसाधारण भाव, म्हणजे बहुतेक मालाला भेटलेला, पाहिला तर कुठच्या कुठं खाली. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ होता, म्हणजे ती बातमी वाचून माणसाला वाटेल सगळ्यांना हमीभाव भेटून राहिला. किमान, कमाल, सर्वसाधारण तिन्ही लिहा आन् आवक किती तेही लिहा, एवढंच.

माहिती अधिकाराचा अर्ज प्रत्येकाला स्वतः करायला लावला, तोही मार्कासाठी. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत, आन् महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय नि १५० शब्दांची मर्यादा, त्यामुळे प्रश्न नेमका विचारायची सवय लागते.

आता स्टार कापले कशाचे ते.

लॅब म्हणजे नावाला. पानं लावायचं क्वार्क सॉफ्टवेअर जुनं, निम्मे कॉम्प्युटर बंद, कॅमेरा एकच आन् तो कपाटात. व्हिडिओ शूट, एडिटिंग सगळं आम्ही आपल्याच मोबाइलवर शिकलो. लायब्ररीत मीडिया लॉची पुस्तकं आयपीसीचं ४९९-५०० कलम सांगत बसलेली, १ जुलै २०२४ पासून अब्रुनुकसानी भारतीय न्याय संहितेच्या ३५६ मध्ये गेली, आन् १८६७ चा छापखान्याचा कायदा जाऊन २०२३ चा नवीन आला, हे ज्याचं त्याने शोधायचं. परीक्षेत मात्र जुनंच विचारलं, काहून ते कळलं नाही.

याच्याहून मोठी कमी म्हणजे भाषांतर. डेस्कवर बसलं की न्यूज एजन्सीची इंग्रजी बातमी येते आन् पान छपाईला सुटायच्या आत ती चांगल्या मराठीत उतरवायची असते, हे रोजचं काम, आन् त्याला अख्ख्या अभ्यासक्रमात जेमतेम जागा. युनिकोड टायपिंगचंही तेच, कोणी शिकवलंच नाही. खेड्यातून मराठी मीडियममधून आलेल्या पोरांना याचाच धसका बसतो, हुशार पोरं पहिल्या महिन्यात नोकरी सोडताना पाहिली आहेत मी. म्हणून पहिल्या सेमिस्टरपासूनच इंग्रजी पेपरमधली रोज एक बातमी मराठीत करा, घड्याळ लावून करा, युनिकोडमध्ये मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका.

इंटर्नशिपचं काय तर एक पत्र हातात देतात, जागा तुम्हीच शोधा. आन् तालुक्यात वार्ताहर म्हणून काम धरलं तर बातम्यांपेक्षा २६ जानेवारी, दिवाळी, नेत्यांचे वाढदिवस यांच्या जाहिराती आणायचाच तगादा जास्त असतो, कमिशनवर जगावं लागते. ज्या नेत्याकडून जाहिरात घेतली त्याच्या विरोधात लिहायचं कसं, यावर वर्गात एक तास नाही झाला. माझ्या मते व्हायला पाहिजे होता, कारण आपल्यातले जास्त पोट्टे तिथंच जाणार आहेत.

दुसरीकडे जायचं असेल तर अमरावतीला आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) केंद्र आहे, तिथं मराठी पत्रकारितेचा पीजी डिप्लोमा आहे, लवकर नोकरीला लागायचं असेल त्याने हे आधी पाहावं. वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ केंद्रीय आहे, पण शिकणं हिंदीतून, हिंदी टीव्हीत जायचं असेल तर चांगलं. नागपूर विद्यापीठाचा विभाग आहे, पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट तर सगळ्यांना माहीतच आहे, पण पुण्याच्या खोलीचं भाडं नि मेसचा खर्च घरच्यांशी बोलून घ्या. पोरींसाठी सांगते, २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, जिल्ह्याला अपडाऊन करून शिकणं जमते, मी केलं. फक्त संध्याकाळच्या शेवटच्या गाडीचा टाइम पाहूनच कॉलेज निवडा, कारण प्रॅक्टिकल लांबलं की फजिती होते.

ॲडमिशनच्या आधी कॉलेजात जाऊन मागच्या बॅचचे दोन-तीन नंबर मागा, ते आता कुठं काम करून राहिले ते त्यांनाच विचारा, आन् लॅब उघडून दाखवा म्हणा. उत्पन्नाचा दाखला नि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर आधीच काढून ठेवा, रिझल्ट लागल्यावर सेतूत लई गर्दी असते आन् त्याच्याशिवाय महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म पुढं जात नाही.