१२ डॉलरची फॉल्सम, सात महिन्यांनंतर

सॅक्रामेंटोजवळच्या एका गॅरेज सेलमध्ये अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशची 'ॲट फॉल्सम प्रिझन' ही फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गायलेल्या गाण्यांची रेकॉर्ड १२ डॉलरला घेतली, त्याला सात महिने झाले. कव्हरवर आतल्या तबकडीचा गोल वळ उमटलेला, एक कोपरा कुरतडलेला. पण लेबल लाल, खाली '३६० साउंड' छापलेलं, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांतली प्रत. विकणारे आजोबा म्हणाले, "मस्त वाजते." वाजत होती, पण पापड भाजल्यासारखी.

पहिले दोन आठवडे मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग डिस्टिल्ड वॉटर, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन तीनदा धुतली, आतलं जुनं कागदी पाकीट फेकून नवं घातलं. निम्मी खरखर गेली. तेव्हा कळलं, की तो बराचसा मळ होता, ओरखडे फार नव्हते. जुनी रेकॉर्ड घेणाऱ्याने धुतल्याशिवाय मत बनवू नये. उरलेली तडतड आता गाण्यांच्या मधल्या जागेतच ऐकू येते.

आणि ती मधली जागाच या रेकॉर्डचा जीव आहे. १३ जानेवारी १९६८ ला तुरुंगाच्या जेवणघरात दोन कार्यक्रम झाले. रेकॉर्डवर बहुतेक पहिल्याच कार्यक्रमातली गाणी आहेत. मधेच लाउडस्पीकरवरून कैद्यांना बोलावणाऱ्या घोषणा होतात. फोनवर ऐकताना त्या कधी कानात शिरल्याच नव्हत्या. इथे त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून आल्यासारख्या वाटतात. कॅशचा गिटारवादक ल्यूथर पर्किन्स, त्याची गिटारही तशीच. मोजके सूर, आगगाडीसारखी एकाच चालीत धावणारी.

एक गोष्ट मात्र खटकली. 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' या पहिल्याच गाण्यात रेनो शहरात माणूस मारल्याची ओळ येते आणि कैदी जल्लोष करतात, हे मी अंगावर काटा आणून ऐकत असे. नंतर वाचलं, की तो जल्लोष स्टुडिओत चिकटवलेला आहे! पहारेकरी समोर असताना कैदी अशा ओळीवर कशाला ओरडतील? सुरुवातीची टाळीसुद्धा ठरवलेली. कॅशने स्वतःचं नाव सांगेपर्यंत गप्प बसा, असं निवेदक ह्यू चेरीने बजावलं होतं. ते मला चालतं, तो कार्यक्रमाचा भाग झाला. पण चिकटवलेली आरोळी? आठवडाभर रेकॉर्ड कपाटातच ठेवली. मग पुन्हा लावली, आता त्या ओळीला मी चहा ओतत असतो.

दुसरी बाजू जरा पातळ आहे, विनोदी गाणी एकदा ऐकून संपतात. पण शेवटचं गाणं ग्लेन शर्ली या तिथल्याच कैद्याने लिहिलेलं. कॅशला ते आदल्या रात्री मिळालं आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते शर्लीसमोर गायलं. तेवढ्यासाठी रेकॉर्ड उलटायचा त्रास घेतो. तुरुंग आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. रविवारी सायकलने त्या बाजूच्या जॉनी कॅश ट्रेलवर जातो, तेव्हा हेच गाणं डोक्यात असतं.

खरा दोष एकच होता. पहिल्या बाजूवर फाशीपूर्वीची मिनिटं उलटी मोजणारं गाणं आहे. '२५ मिनिट्स टू गो'. सात मिनिटं उरली, की सुई अडकायची आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा. माझ्या आठ वर्षांच्या मुलाला ते फार आवडायचं. "बाबा, तो अजून सातवरच आहे!" असं ओरडत यायचा. गेल्या महिन्यात भिंगाखाली बघितलं, तर खाचेत वाळलेला चिकट कण होता. लाकडी टूथपिक ओली करून अलगद काढला, सुईचा भार १.८ ग्रॅमवरून २ वर नेला. आता गाणं शून्यापर्यंत सरळ जातं.

मुलगा त्या दिवसापासून रुसलाय. "आधी तो वाचायचा," म्हणतो.