बंद पडलेला फोन: कंपनीचं सर्व्हिस सेंटर की बाजारातला कारागीर?

दुसरी केबल लावून बघणं, अर्धा तास चार्जरवर ठेवणं, पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण पंधरा-वीस सेकंद एकत्र दाबून धरणं, एवढं तुम्ही केलंच असेल. त्यात दोन गोष्टींची भर घाला. दुसऱ्या फोनवरून तुमच्या नंबरला रिंग द्या. वाजला किंवा थरथरला तर गेलाय तो फक्त डिस्प्ले. आणि चार्जिंगच्या जॅकमध्ये खिशातला कचरा अडकून बसतो, तो लाकडी टूथपिकने हळूच काढा. शेतात वावरणाऱ्याच्या फोनमधून मातीही निघते. एवढं करूनही फोन मुकाच राहिला, तर प्रश्न उरतो तो द्यायचा कुठे याचा.

मी दोन्हीकडे जाऊन आलोय. आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. गोड छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, डाउनी या बुरशीरोगाच्या भीतीने फवारण्या एकामागून एक चालू असतात. अशाच एका संध्याकाळी ब्लोअरचा, म्हणजे फवारणी यंत्राचा, फवारा अंगावर आला आणि शर्टाच्या खिशातला फोन भिजला. पुसून घेतला, घरी येऊन चार्जरला लावला. तिथेच चूक झाली, कारण ओल असताना आत वीज सोडली की गंज फार झपाट्याने चढतो. नंतर रात्रभर तांदळात ठेवला. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याचा भुसा जॅकमध्ये जातो. ओला फोन बंद करून, जॅक खाली करून हवेशीर जागी ठेवणं आणि लवकरात लवकर उघडून घेणं हेच खरं.

सकाळी नाशिकला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. टोकन, खुर्ची, एसी. काउंटरवरची मुलगी नीट बोलली, पावती दिली. दोन तासांनी सांगितलं, आतला मुख्य बोर्ड (मदरबोर्ड) गेला आहे, पूर्ण बदलावा लागेल, साडेअकरा हजार. पाणी गेलेलं असल्याने वॉरंटी लागू नाही. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. मग एक कागद पुढे केला. फोनमधला डेटा राहणार नाही, हे मान्य असल्याची सही करा.

मला अडलं ते इथे. त्या फोनमध्ये छाटणीपासूनची प्रत्येक फवारणी नोंदवलेली होती. कोणत्या तारखेला कोणतं औषध, लिटरला किती, बाटलीच्या लेबलाचा फोटो. माल युरोपला जाणार असेल तर काढणीआधी रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, नमुना तपासायला जातो आणि शेवटच्या फवारणीला किती दिवस झाले हे दाखवावं लागतं. त्या नोंदी दुसरीकडे कुठेच नव्हत्या. मी विचारलं, जुन्या बोर्डावरून डेटा काढून देता येईल का? तशी सोय आमच्याकडे नाही, असं उत्तर मिळालं. जुना बोर्ड परत मिळेल का? तोही नाही.

त्यांच्या नियमाला कारण आहे, हे मला नंतर कळलं. अँड्रॉइड १० पासूनच्या नव्या फोनमध्ये माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते आणि ती उघडायची किल्ली त्याच बोर्डावरच्या चिपशी बांधलेली असते. एकटी मेमरी काढून दुसऱ्या बोर्डावर बसवली तरी काही वाचता येत नाही. म्हणून डेटा हवा असेल तर तोच बोर्ड जिवंत करावा लागतो. आणि सर्व्हिस सेंटरमध्ये सहसा अख्खा बोर्डच बदलतात, त्यावरचा एकेक भाग दुरुस्त करत बसत नाहीत.

सही न करता फोन घेऊन परत निघालो. पिंपळगावात एक कारागीर आहे, टेबलावर मायक्रोस्कोप, शेजारी पॉवर सप्लाय. त्याने माझ्यासमोर फोन उघडला, बॅटरी सोडवली आणि सप्लायच्या वायरी जोडल्या. बटण दाबायच्या आधीच मीटरवर दोन अँपिअर दिसले. "काका, फुल शॉर्ट आहे. पण बोर्ड जाईलच असं नाही." बोर्डावर त्याने रोझिनचा (राळेचा) पांढरा थर दिला आणि कमी व्होल्टेज सोडलं. जिथे शॉर्ट होता तिथला थर क्षणात वितळला. मोहरीहून लहान एक कॅपॅसिटर होता. तो काढला, हिरवा गंज ब्रशने धुतला, जॅकची पट्टी बदलली. त्या लाइनवर तसे आणखी कॅपॅसिटर असतात, त्यामुळे एक नसला तरी चालतं, असं तो म्हणाला. फोन सुरू झाला तेव्हा मी आधी फवारणीची नोंद उघडली. सगळं होतं. अठराशे रुपये घेतले.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण सगळे कारागीर असे नसतात. ज्याच्याकडे फक्त हॉटगन आणि स्क्रूड्रायव्हर आहे, त्याच्याकडे डेड फोन देऊ नका. गरम करताना डिस्प्ले गेलेला मी पाहिलाय. बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून मिळणाऱ्या बॅटऱ्यांवर माझा विश्वास नाही. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं असेल तर फोन चार्ज करू नका आणि सरळ कंपनीकडेच जा. आयफोनच्या गेल्या काही वर्षांतल्या मॉडेलमध्ये बाहेरची बॅटरी घातली की सेटिंगमध्ये तशी सूचना येते, विकताना ती नडू शकते. शिवाय एकदा उघडलेल्या फोनचा पाण्यापासूनचा बचाव पहिल्यासारखा राहत नाही. माझाही राहिलेला नाही, आता तो फवारणीच्या वेळी घरीच असतो.

आणि वॉरंटी चालू असेल, पाणी गेलेलं नसेल, फोटो-नोंदी ऑनलाइन जमा होत असतील, तर बाहेर जायचं कारण मला दिसत नाही. बाकीच्यांनी, माझ्या मते, कुठल्याही कागदावर सही करण्याआधी एखाद्या चांगल्या कारागिराला मीटर लावून बघू द्यावं. दुकानात शिरल्यावर एवढंच विचारा की पॉवर सप्लायवर माझ्यासमोर तपासाल का. जो "ठेवून जा, संध्याकाळी या" म्हणतो, त्याच्याकडून मी फोन परत घेतो. पासवर्डही काम झाल्यावर मीच टाकतो.

मागच्या महिन्यात मुलाचा फोन असाच चार्ज होईना. आठ महिन्यांचा होता, म्हणून नाशिकलाच दिला. चार दिवसांनी नवा बोर्ड बसवून फुकट परत मिळाला. कॉलेजचे फोटो त्याचे ऑनलाइन होते, ते आले. आजीने त्याला पाठवलेले आवाजाचे निरोप मात्र आले नाहीत.