मोरपंखी खुर्च्या: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या अंगणात चार लोखंडी खुर्च्या आणि एक गोल टेबल आहे. मामंजींनी उद्यमबागेत नोकरीला असताना तिथल्याच एका वेल्डिंगवाल्याकडून पाइप आणि पट्टी वापरून ते करून घेतलं होतं. चाळीस वर्षं होत आली. एवढ्या काळात ऑइल पेंटचे किती हात चढले असतील देव जाणे. गेल्या फेब्रुवारीत त्या खुर्च्या भंगारात घालायचं ठरत होतं. मामंजी काही बोलले नाहीत, पण सकाळी पेपर घेऊन त्याच गंजक्या खुर्चीत बसले, जरा जास्तच वेळ. मग मी रंगाच्या स्प्रेचे डबे आणले. आता नोव्हेंबर आहे. मधे मार्च ते मेचं ऊन, वळीव आणि आख्खा पावसाळा होऊन गेला, म्हणून आता लिहिते.

यात एक चांगला योग असा जुळला की चारपैकी दोन खुर्च्या मार्चमध्ये माझ्या माहेरी जांबोटीला गेल्या. खानापूर ओलांडून कणकुंबीच्या वाटेवरचं हे गाव. तिथला पाऊस बेळगावच्या पावसासारखा नाही, एकदा लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. म्हणजे डबे तेच, हात तोच, दिवसही तोच, पण खुर्च्या दोन हवांत राहिल्या. दोन्हीकडे जे दिसलं ते अगदी वेगळं होतं.

आधी कामाबद्दल. खडेबाजारातल्या दुकानदाराने डबे काढायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "गंज किती आहे?" मामंजींचंही तेच, "आधी गंज काढा, मग रंगाचं बोला." आम्ही तीन दिवस फक्त खरवडत होतो. सुटलेला गंज तारेच्या ब्रशने काढला, मग पॉलिश पेपर, पहिल्यांदा ८० नंबर, नंतर १२०, शेवटी २२०. जुना रंग मात्र कोरडा घासला नाही. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, त्यातही चाळीस वर्षांपूर्वीच्या रंगात किती शिसं असेल हे घरात बसून कळायला मार्ग नाही. घरात लहान मूल असताना ती धूळ उडवायची नाही, म्हणून काळा वॉटर पेपर आणि बादलीभर पाणी घेऊन ओलंच घासलं आणि निघालेला चिखल कागदावर गोळा करून बांधून टाकला. यात एक मेख आहे. उघडं लोखंड ओलं राहिलं की तासाभरात त्यावर पिवळसर गंजाची झाक येते. लगेच फडक्याने पुसून, उन्हात तापवून, थिनरचा बोळा फिरवून त्याच दिवशी रेड ऑक्साईडचा, म्हणजे गंज अडवणाऱ्या लाल प्रायमरचा, हात द्यावा लागतो.

रेड ऑक्साईड मी ब्रशनेच लावला, आणि पुन्हा करायची वेळ आली तरी तसाच लावीन. पाइपच्या खुर्चीवर स्प्रे मारताना निम्मा रंग हवेत जातो, मग प्रायमरचाही डबा असा कशाला उडवायचा? ब्रशने तो सांध्यांत, वेल्डिंगच्या गाठींत दाबून बसवता येतो. फक्त तो पूर्ण वाळायला हवा. आम्ही आठ दिवस थांबलो. अर्धवट वाळलेल्या ऑइल प्रायमरवर स्प्रेचं जहाल थिनर पडलं की खालचा थर फुगतो आणि रंगाला सुरकुत्या पडतात. आधी सीटच्या खालच्या बाजूला थोडा स्प्रे मारून बघितला, काही झालं नाही, तेव्हाच पुढे गेलो.

स्प्रे मारायला सकाळी दहा ते बारा ही वेळ धरली. फेब्रुवारीत बेळगावला पहाटे दव असतं, दहापर्यंत ते उडतं, आणि दुपारचा वारा अजून सुटलेला नसतो. डब्यातला मणी खडखडायला लागल्यावरही मिनिटभर हलवायचा. अंतर वीतभर ते सव्वा वीत. हात थांबवायचा नाही, बोट खुर्चीच्या बाहेर असतानाच दाबायचं आणि बाहेर गेल्यावरच सोडायचं. पहिला हात इतका पातळ दिला की खालचा लाल रंग दिसत होता. भाच्याला ते बघवेना, त्याने एका पाठीवर एकदमच भरून मारला आणि तिथे ओघळ आले. ते ओघळ आजही आहेत. दोन हातांच्या मधे दहा-पंधरा मिनिटं सोडून, तासाभरात तीन हात संपवले. डब्यावर लिहिलेलं असतं की पुढचा हात एक तर ठरावीक वेळेच्या आत द्या, नाही तर दिवसभर किंवा त्याहून जास्त थांबा. ते वाचूनच काम करावं. एका खुर्चीला रंगाचा एक हात द्यायचा राहून गेला होता, तो मी सहा तासांनी दिला, आणि हाताच्या पट्टीवर साईसारख्या सुरकुत्या आल्या. सगळं खरवडून पुन्हा करावं लागलं.

तोंडाला साधा कापडी मास्क पुरत नाही. रंगाचे कण काही अडतात, पण थिनरची वाफ आरपार येते. वाफ अडवणारी काडतुसं असलेला मास्क घ्या, आणि काम उघड्यावरच करा. डब्यातला रंग फवारणारा वायू पेट घेणारा असतो, त्यामुळे जवळपास शेगडी नको, उदबत्तीही नको. उरलेले डबे उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, ५० अंशांच्या वर ते फुटू शकतात.

टेबल मागे राहिलं होतं. ते मी मेमध्ये केलं, आणि घाई केली. दुपारी वळवाची सर येऊन गेली होती, हवा दमट, संध्याकाळ झाली होती. काळा चकचकीत रंग वाळला तसा त्यावर दुधाळ झाक आली, काळ्या पाटीवर खडू पुसल्यासारखी. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते, ती रंगात अडकते. चार दिवस थांबून ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासलं आणि कोरड्या सकाळी पुन्हा एक डबा संपवला. जून ते सप्टेंबर आपल्या भागात हे काम काढूच नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आता नऊ महिन्यांनंतरची स्थिती.

टिळकवाडीच्या खुर्च्या पश्चिमेकडे तोंड करून उन्हात असतात. मोरपंखी रंग पाठीच्या आतल्या बाजूला आजही तसाच ताजा आहे, पण हातांच्या वरच्या बाजूला उतरला आहे. बोट फिरवलं की निळसर भुकटी लागते. हे उन्हाने होतं, रंगाला बांधून ठेवणारा थर वरून झिजतो. टेबलाचा काळा रंग मात्र अजून काळाच आहे. पोपडा कुठेही निघालेला नाही. गणपतीत घर भरलेलं होतं, खुर्च्या फरशीवर ओढल्या गेल्या, मुलं उभी राहून नाचली, तरी ओरखड्यांखाली लाल प्रायमरच दिसतो, लोखंड नाही. शेजारच्या अक्का मार्चमध्ये "नव्या कुठनं आणल्यास गं?" म्हणाल्या होत्या. आता त्यांनी स्वतःच्या झोपाळ्यासाठी माझ्याकडून तारेचा ब्रश नेला आहे.

जांबोटीचं नेमकं उलट. तिथे खुर्च्या सोप्यावर असतात, ऊन लागत नाही, म्हणून रंग पहिल्या दिवसासारखा चमकतो. सांध्यांत हिरवं शेवाळ धरलं होतं, ते ओल्या फडक्याने निघालं. ऑगस्टमध्ये दादाचा फोन आला, "अगं, रंग हाय तसाच हाय, पण पाय बघ की येऊन." गेले तर चारही पायांची खालची टोकं गंजून मऊ झालेली. आम्ही वरून सगळं घासलं, रंगवलं, पण पाइप आतून पोकळ आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. रबरी बूच कधीच पडून गेलेले. शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीतली ओल उघड्या तोंडातून वर चढली, सीटच्या सांध्यातून शिरलेलं पाणी वरून खाली आलं, आणि लोखंड आतून खाल्लं गेलं. जिथे हात पोचला नाही, तिथे रंगाचा काय उपयोग? बाहेरचा मोरपंखी थर तेवढा टरफलासारखा शाबूत होता.

खानापुरातल्या वेल्डिंगवाल्याकडून दोन-दोन इंच पाइप कापून नवा जोडून घेतला. त्याने सांगितलेली युक्ती फार मोलाची आहे. पायाच्या आतल्या बाजूला, तळापासून बोटभर वर एक बारीक भोक पाडायचं, म्हणजे आत शिरलेलं पाणी निघून जातं. मग आत पातळ केलेला रेड ऑक्साईड ओतून पाय फिरवायचा, जादा निथळू द्यायचा, आणि खालून घट्ट रबरी बूट बसवायचे. टिळकवाडीच्या दोन खुर्च्या उलट्या करून पाहिल्या तर तिथेही आत गंजाची सुरुवात होतीच, फरशी कोरडी होती म्हणून वाचल्या. त्यांनाही हेच केलं. घासता न येणाऱ्या खोबणींत फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंजरोधक पाणी लावलं, त्याने गंज काळपट होऊन तिथेच बसतो. पण सुटलेला गंज ब्रशने आधी काढलेला असेल तरच त्याचा उपयोग.

एका प्लास्टिकच्या खुर्चीवरही उरलेला स्प्रे मारला होता, तो साफ वाया गेला. तिच्या खाली त्रिकोणात ५ आकडा होता, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यावर रंग धरतच नाही, आधी प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर लागतो. दोन महिन्यांत नखाने पापुद्रे निघायला लागले. याउलट माहेरची वेताची आरामखुर्ची स्प्रेने फार सुंदर झाली, विणीच्या फटींत ब्रश कधी पोचलाच नसता.

खर्च सांगते. चार खुर्च्यांना ४०० मिलीचे सहा डबे, टेबलाला दुरुस्ती धरून दोन. प्रायमर, पेपर, ब्रश, थिनर मिळून सगळं तीन हजारांच्या आत. वेल्डिंगचं वेगळं. उद्यमबागेत सँडब्लास्टिंग करून (वाळूच्या झोताने गंज काढून) पावडर कोटिंगची चौकशी केली होती, ते जवळपास दुप्पट सांगत होते. त्यात पावडर १८०-२०० अंशांच्या भट्टीत वितळवून बसवतात, टिकायला ते निश्चितच जास्त. खुर्च्या कायम पावसात राहणार असतील तर मी तेच करा म्हणेन. आमच्यासारख्या आडोसा असलेल्या अंगणाला डबे पुरेसे आहेत.

दिवाळीनंतर परवाच टिळकवाडीच्या खुर्च्यांचे हात ३२० नंबरने हलके घासून वर एकच मोरपंखी हात दिला आणि ऊन अडवणारा पारदर्शक थर मारला. तळाचे बूट निघाले नाहीत ना, हे मामंजी आता दर रविवारी खुर्ची उलटी करून बघतात.