नवीन कोर्सच्या प्रस्तावाची फाईल करून देणारी सर्व्हिस, घ्यावी का?

आमच्या कॉलेजनं नवीन डिग्री कोर्सच्या परवानगीसाठी विद्यापीठाला द्यायचा प्रस्ताव एका कन्सल्टन्सीकडनं करून घेतला, सोलापुरातलीच आहे, नाव लिहीत नाही कारण शेवटच्या हप्त्यावरनं त्यांचं आमचं अजून चालूच आहे. पण बाकीच्या कॉलेजचे बरेच सर-मॅडम विचारलालेत की बाहेरनं करून घ्यावं का, म्हणून एकदाच सविस्तर टाकतो. ५ पैकी २.५ स्टार, आणि त्यातला तो अर्धा त्यांच्याकडं टायपिंगला असलेल्या पोराचा, लै कामाचं पोरगं ओ.

आम्हाला बी.व्होक., म्हणजे हाताला काम शिकवणारी डिग्री, काढायचं होतं, टॉवेल आणि गारमेंटवर. अक्कलकोट रोड एमआयडीसी हाकेच्या अंतरावर, शाळांचे युनिफॉर्म शिवणारे कारखाने गावात, आणि आमची बी.कॉम. झालेली पोरं पुण्याला जाऊन कॉल सेंटरला बसतात, एवढा साधा विचार होता.

आधी चांगलं सांगतो. क्रेडिटचा तक्ता त्यांनी खरंच झकास केला. एनईपी, म्हणजे नवं शैक्षणिक धोरण, आल्यापासनं प्रत्येक डिपार्टमेंटच्या मीटिंगमधे ह्याच्यावरनंच वाजतं, थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला १५ तास आणि प्रॅक्टिकलचा ३०, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं पण शिक्षकांच्या वर्कलोडमधे बसवताना कुणाचाच हिशोब कुणाशी जुळत नाही. यांची एक्सेल शीट अशी की सेमिस्टरचे २२ क्रेडिट, तीन वर्षांचे १३२, त्यातलं मेजर (मुख्य विषय) किती, मायनर (जोडविषय) किती, ओजेटी (कारखान्यात जाऊन प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग) कुठल्या सेमिस्टरला, एक वर्षानं सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, सगळं टाकलं की किती शिक्षक लागतील तो आकडा आपोआप खाली येतो. कागदांची चेकलिस्ट पण नीट होती, संस्थेचा ठराव, विद्यापीठ कायद्याच्या कलम ९७ खालच्या महाविद्यालय विकास समितीचा ठराव, ऑडिट, बांधकामाचा नकाशा, लॅबची यादी. हे आपण करायला बसलो तर ऑफिसमधला एक क्लार्क महिनाभर अडकतो. एवढ्यासाठी पैसे दिले तर मला वाईट वाटत नाही.

आता बाकीचं.

पहिल्या भेटीत कुणीही जाणकार माणूस एकच विचारेल, की ह्या कोर्सचा सिलॅबस विद्यापीठात आधीच आहे का नाही. असला तर फक्त परवानगीचा रस्ता, म्हणजे २०१६ च्या विद्यापीठ कायद्यातलं कलम १०९, आदल्या वर्षीच्या सप्टेंबरअखेरची ती डेडलाईन, तिथनं व्यवस्थापन परिषद आणि मग शासन. नसला तर सिलॅबससाठी अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद हे वेगळं चक्र फिरतं आणि त्याला वेळ जातो. आणि दोन्हीकडं बृहत् आराखड्यात (कुठल्या भागात कुठले कोर्स काढायचे ह्याचा विद्यापीठाचा प्लॅन) आपलं बसतंय का ते आधी बघावं लागतं. ऑटोनॉमस कॉलेजची, म्हणजे जे आपला सिलॅबस आपणच ठरवतात त्यांची, गोष्ट अजून वेगळी. यांनी यातलं काही विचारलं नाही, पहिलाच मेसेज काय तर "सर, बिल्डिंगचे फोटो पाठवा, हाय रेझोल्यूशन".

मग कोर्सचं नाव. आम्ही साधं नाव दिलं होतं, ते त्यांना कमी वाटलं, आणि ड्राफ्टमधे आलं "बॅचलर ऑफ स्मार्ट टेक्स्टाइल इनोव्हेशन अँड एआय". अहो, डिग्रीचं नाव आपल्या मनानं ठेवता येत नाही, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम २२ खाली ठरवून दिलेली यादी आहे, २०१४ चं नोटिफिकेशन आहे, त्याच्या बाहेरची डिग्री देता येत नाही. प्रस्ताव करून देणं हा ज्यांचा धंदा आहे त्यांना हे आम्ही सांगायचं? "मार्केटिंगला बरं पडतं सर" हे उत्तर.

आणि कोर्सची गरज सांगणारं प्रकरण, ते वाचून स्टाफरूममधे अजून हसतात. पहिल्या पानावर सिद्धेश्वर, चार हुतात्मे, चादर, जुनी मिल, सगळं ठासून भरलेलं, वाटलं की बरं लिहिलंय. तिसऱ्या पानावर "जिल्ह्यातील काजू प्रक्रिया उद्योगाला लागणारे कुशल मनुष्यबळ". सोलापूरला काजू! इथं शेंगा आहेत, डाळिंब आहे, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला विद्यापीठाच्या शेजारीच आहे, मंगळवेढ्याची ज्वारी आहे, काजू फक्त लग्नाच्या पाकिटात दिसतात. कोकणातल्या कुठल्यातरी कॉलेजची फाईल उचलून गावाचं नाव बदललेलं, तेवढं एक बदलायचं राहिलं. विद्यापीठाच्या कमिटीसमोर हे गेलं असतं तर प्राचार्यांचं काय झालं असतं विचार करा.

सर्व्हेचंही तेच. त्यांचा गुगल फॉर्म म्हणजे "हा कोर्स सुरू झाल्यास आपणास आवडेल का, हो किंवा नाही". बारावीच्या पोराला कुठलाही कोर्स विचारा, तो हो म्हणणार, त्याचं काय जातंय. त्यावरनं पाय चार्ट काढून "प्रचंड मागणी" लिहून मोकळे. शेवटी आम्हीच फॉर्म बदलला: एवढी फी भरशील का, हा कोर्स घेतलास तर दुसरा कुठला सोडशील, सकाळची बॅच चालेल का दुपारची, घरातलं कुणी लूमवर किंवा शिलाईत आहे का. आता उत्तरं वेगळी यायला लागली, "हो" वाली मंडळी निम्म्यानं गळाली, पण उरली ती खरी. ज्यांच्या घरी लूम आहे त्यातल्या बऱ्याच जणांना ह्या धंद्यात यायचंच नाही, बापाचं बघून विटलेत, हेही त्यातनंच कळलं. उलट मुलींकडनं गारमेंटला जास्त हो आलं, आणि अट एकच, दुपारी घरी जाता आलं पाहिजे.

कारखानदारांकडं पण आम्हीच गेलो. एक टॉवेलवाले मालक म्हणाले, "सर, डिग्री राहू द्या, रेपियर लूमचं इलेक्ट्रॉनिक बिघडलं की मला बाहेरनं माणूस बोलवावा लागतो, तो इथं तयार करा." दुसऱ्यांना कॉस्टिंग करणारा पाहिजे, तिसऱ्यांना एक्स्पोर्टची कागदपत्रं बघणारा. सिलॅबसमधे मशीन मेंटेनन्स आणि कॉस्टिंगचे पेपर वाढले ते ह्यामुळं, आणि ओजेटीसाठी पोरं घेतो असं त्यांनी लेटरहेडवर लिहूनही दिलं. माझ्या मते अख्ख्या फाईलमधे वजन असलेले कागद तेवढेच. कन्सल्टन्सीचं म्हणणं, त्यांच्याकडं अशा पत्राचा तयार नमुना आहे, फक्त शिक्का मारून आणा. त्या शिक्क्याचं काय करायचं, ओजेटीच्या वेळी पोरं पाठवायची कुठं?

बजेटबद्दल फार लिहीत नाही. पहिल्याच वर्षी ६० ची बॅच फुल्ल धरलेली, तीन वर्षं एकही पोरगं गळत नाही, लूमची लाइट बिलं शून्य, मेंटेनन्स शून्य. विनाअनुदानित कोर्सला असं गणित मांडलं की मॅनेजमेंट खूश होतं, आणि दुसऱ्या वर्षी गेस्ट लेक्चररचा पगार अडकतो. आम्ही ३० धरून परत मांडलं.

मधेच त्यांची एक आयडिया होती, "टेक्स्टाइल सोडा सर, बीसीए टाका, चालतंय." चालतंय खरं, पण २०२४-२५ पासनं बीसीए-बीबीए एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्राची परिषद) खाली गेलंय आणि प्रवेशाला सीईटी आलीय, म्हणजे मान्यतेची अख्खी वेगळी फाईल, हे काही त्या बोलण्यात आलं नाही. ज्यांनी नुसतं ऐकून हो म्हटलं असेल त्यांचे हाल विचारू नका.

तर घ्यायची का? ज्यांचा क्लार्क नवा आहे, एनईपीचे तक्ते ज्यांना जमत नाहीत, त्यांनी फक्त तक्ते आणि कागद लावण्याचं काम द्यावं, त्याचा रेट वेगळा ठरवून. पूर्ण पॅकेज घेऊ नका. गरज, सर्व्हे, बजेट हे कॉलेजमधल्या माणसांनीच लिहावं, आणि डिपार्टमेंटमधे ते लिहायला कुणीच तयार नसेल तर तो कोर्स पुढं शिकवणार कोण हेही एकदा विचारून घ्या.

अॅडव्हान्स देण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्या. एक, विद्यापीठानं त्रुटी काढल्या तर दुरुस्ती त्याच पैशात. आमच्याकडं प्रत्येक दुरुस्तीला "एक्स्ट्रा" आहे, हप्त्याचं भांडण तेच. दुसरं, सगळं वर्डमधे आणि एक्सेलमधे घ्या, पीडीएफवर भागवू नका. आम्हाला पीडीएफच मिळाली होती, काजू काढायला पण त्यांच्याकडंच जावं लागलं, मग त्या टायपिंगवाल्या पोरानं गुपचूप वर्ड फाईल मेल केली. बाइंडिंग मात्र त्यांच्याकडनं करू नका, सात रस्त्याकडच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडं निम्म्यात होतं.